जुडी कशानं बांधली

आईच्या केसांत बारा महिने कापूस असायचा. कबनूरला एका माग शेडमध्ये ती कांड्या भरायला जायची. मागाच्या धोट्यात जी नळी बसते ती कांडी. मशीनवर तिच्याभोवती सूत गुंडाळायचं, रिकामी होऊन आली की परत गुंडाळायचं, सकाळी आठपासून दिवे लागेपर्यंत हेच. शेडच्या हवेत कापसाचा बारीक भुगा सतत तरंगत असतो. तो केसांवर बसतो, भुवयांवर बसतो, भाकरीवर बसतो, आणि श्वासाबरोबर आत जातो. आईच्या खोकल्यावरून आम्हाला कळायचं, ती गल्लीच्या कुठल्या टोकाला पोचली आहे ते.

आबा, म्हणजे माझे वडील, त्याच शेडमध्ये माग चालवायचे. मालकानं जुने माग भंगारात काढले, त्यात आबांच्या हातचे चारही गेले. मग कुणी सुट्टीवर असलं की त्याच्या जागी बदली म्हणून जायचे, आठवड्यातून तीन दिवस, कधी दोन. खडखडाटानं त्यांचे कान त्याआधीच गेले होते. त्यामुळं आमच्या घरात सगळेच ओरडून बोलतात. नव्या माणसाला वाटतं, भांडण चाललंय. मी कॉलेजची तीन वर्षं दोन ड्रेसवर काढली, एक अंगात आणि एक दोरीवर. पावसाळ्यात दोरीवरचा वाळायचा नाही, तेव्हा ओलाच घालून बसमध्ये उभी राहायचे.

मी बी.एस्सी. झाले. आमच्या घरात, आईच्या माहेरात, आबांच्या भावकीत माझ्याआधी कोणी बारावीच्या पुढं गेलेलं नव्हतं. हे मी सांगितलं की काही लोकांना ते मिरवणं वाटतं. मिरवतेच मी. विषय वनस्पतिशास्त्र. त्यामागचं कारण मात्र मिरवण्यासारखं नाही. प्राणिशास्त्रात चिरफाड करावी लागते असं ऐकलं होतं आणि मला रक्त बघवत नव्हतं. घरी कोंबडी कापायची असली की मी शेजारी जाऊन बसायचे.

पदवीनंतर वर्षभर अर्ज केले. एका लॅबनं बोलावलं, बसवून ठेवलं, कळवतो म्हणाले. एका शाळेत तासिकेवर घेतलं आणि सहामाहीनंतर नको म्हणाले. शेवटी मीही आईच्या शेजारच्या मशीनवर कांड्या भरायला गेले. चार दिवस. पाचव्या दिवशी सकाळी मला खोकला आला. आईनं माझ्याकडं बघितलं, माझ्या डोक्याला बांधलेली ओढणी काढून घेतली आणि म्हणाली, "तू घरी जा." त्याच संध्याकाळी आम्ही दोघी दवाखान्यात गेलो. डॉक्टर आईला म्हणाले, ही धूळ सोडा, तर औषध लागू पडेल. बाहेर आल्यावर मी आईला म्हटलं, सोड तू हे.

"सोडतो की," आई म्हणाली. "आणि चुलीवर काय ठेवू, तुझं सर्टिफिकेट?"

ते मला लागलं. चांगलंच लागलं. त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. आईला त्या शेडमधून बाहेर काढायचं, एवढं एकच डोक्यात होतं, आणि ते कसं, हे मात्र सुचत नव्हतं.

सुचलं ते परसात. आमच्या घरामागं रिकामी जागा आहे, पुढं ऊस सुरू होतो. तिथं आईच्या पाच गावठी कोंबड्या फिरायच्या. आईचं माहेर पन्हाळ्याच्या खालच्या अंगाला. तिकडची एक पद्धत तिनं आणलेली होती. हवा बदलायला लागली, आजूबाजूच्या कोंबड्या मान टाकायला लागल्या, की ती पाल्याची जुडी बांधायची. अडुळसा, तुळस, शेवगा, कडुनिंबाचे दोनच डहाळे आणि मिळाली तर गुळवेलीची पानं. ही जुडी ती कोंबडीच्या डोक्यापेक्षा वीतभर वर टांगायची. जमिनीवर टाकला पाला तर कोंबडी तुडवते आणि खात नाही. टांगला तर उडी मारून ओढते, आणि एकीनं ओढला की सगळ्यांना तोच पाहिजे असतो. लहानपणी मला याचं हसू यायचं. कॉलेजात या पाचही झाडांची नावं, कुळं, आतली द्रव्यं पाठ केली तेव्हा हसू थांबलं.

मी आईला म्हटलं, कोंबड्या वाढवू. साठ पिल्लं आणू, सुधारित गावरान जातीची. पाला आपला, तांदळाची कनी आपली, मका थोडा विकत. अंड्यांवर घर चालवू.

आईनं हातातली भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "अंड्यांवर सहा म्हैने चूल पेटवून दाखव. तवर मी शेडला जाणार. सहा म्हैने झालं की त्या दारात पाऊल टाकत न्हाय, शब्द हाय माझा."

आबांना हे दोनदा ओरडून सांगावं लागलं. ते म्हणाले, "साठ? वाजतील लई." आणि दुसऱ्या दिवशी खुराड्यासाठी खड्डे खणायला लागले.

पिल्लं श्रावणात आली. मी हातकणंगल्याच्या जनावरांच्या दवाखान्यात जाऊन डॉक्टरांना भेटले, माझी पाल्याची योजना सांगितली. डॉक्टर उंच, घाईत असलेले, बोलताना घड्याळ बघणारे. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, पाला घाला, चांगलाच आहे, पण लस चुकवायची नाही. पाला लसीच्या जागी नाही, जोडीला. मी एकही लस चुकवली नाही. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर लोकांनी लस चुकवल्याचंही माझ्या नावावर घातलं.

पाला मात्र मी माझ्या पद्धतीनं घालायचं ठरवलं. शिकलेली होते. पानं सावलीत वाळवली, कुटली, चाळली, वजन केलं आणि भरड्यात मिसळली. वही केली. कुठलं पान, किती, कुठल्या दिवशी, कोंबड्यांची विष्ठा कशी, सगळं लिहायचे. कोंबड्यांनी काय केलं, तर मक्याची भरड टिपून घेतली आणि हिरवी पूड भांड्याच्या तळाला तशीच ठेवली. पूड ओली करून बघितली, गुळाचं पाणी शिंपडून बघितलं. त्यांनी गुळाची भरड टिपली. आई संध्याकाळी आली की तळ बघायची आणि भांडं विसळून ठेवायची. शेडमधल्या बायका मात्र तिला रोज विचारायच्या, काय गं, कोंबड्यास्नी आज कसला काढा?

दिवाळीच्या सुमाराला मी हार मानली आणि आईच्या जुडीवर आले. पण पाच कोंबड्यांना एक जुडी पुरते. साठांना रोज बारा लागायच्या. आई म्हणाली, केळीच्या सोपानं बांध. म्हणजे केळीच्या खोडाची ओली पट्टी. मी म्हटलं, कबनुरात रोज सोप कुठून आणू, इथं सूत पैशाला पासरी आहे.

आमच्याकडं सूत म्हणजे घरातलं माणूस. लोणच्याच्या बरणीचं फडकं सुतानं बांधायचं, वेणी सुतानं, छत्रीची तुटलेली काडी सुतानं. आईनं दुसऱ्याच दिवशी डब्याच्या पिशवीतून शेडमधलं वाया गेलेलं सूत आणलं, मूठभर. मी बारा जुड्या बांधल्या, घट्ट, दोन गाठींच्या. कोंबड्या अशा तुटून पडल्या की आबा खुर्ची घेऊन बघत बसले. मी वहीत लिहिलं, जुडी यशस्वी.

संक्रांतीला पहिलं अंडं मिळालं. बलक असा गडद पिवळा, की आईनं ते तळलं नाही, वाटीत फोडून दोन शेजारणींना दाखवून आली. त्याच आठवड्यात मी अंडी घेऊन कोल्हापुरात गेले. तांबडा-पांढरा रस्सा करणाऱ्या एका खानावळीच्या मालकीणबाईंना भेटले. त्यांनी अंडं हातात तोललं आणि म्हणाल्या, येतो एका ऐतवारी, कोंबड्या कशात फिरतात ते डोळ्यांनी बघतो, मग बोलू. मी परत येताना बसमध्ये बसायला जागा असून उभीच राहिले.

आणि मग पहिली कोंबडी मेली.

ती आधी दोन दिवस पंख फुगवून कोपऱ्यात बसली. खायला यायची, चोच घालायची, गिळायची नाही. गळ्याखालची पिशवी फुगलेली आणि अंग मात्र हलकं, हातात घेतलं तर पिसंच. चार दिवसांनी दुसरी. मग एका दिवशी दोन. मान वाकडी नाही, नाक गळत नाही, रोगाची म्हणून जी लक्षणं डॉक्टरांनी सांगितली होती त्यातलं एकही नाही. चांगल्या अंड्यावर आलेल्या कोंबड्या, त्यातही ज्या जुडीवर सगळ्यांत पुढं असायच्या त्याच.

आई म्हणाली, कडुनिंब कडू पडला, बंद कर. मी बंद केला. मरतूक थांबली नाही. मग मी अडुळसा काढला. मग अडुळसा ठेवला आणि तुळस काढली. एक दिवस फक्त शेवगा. वहीची पानं उलटीसुलटी करून कुठल्या दिवशी किती ग्रॅम गेलं आणि कितव्या दिवशी कोंबडी गेली याची जुळणी करत बसले. बसले म्हणजे काय, पाच मिनिटं बसायचे आणि उठून खुराड्याकडं जायचे. परत यायचे, परत जायचे. हातात घेऊन एकेकीचा गळा चाचपायचे. जेवताना मध्येच उठायचे. आबा म्हणाले, "तू चालती का कोंबड्या चालत्यात, कळंना झालंय."

नववी कोंबडी मेली त्या संध्याकाळी आईनं मला वही मिटायला सांगितलं. म्हणाली, एवढी वर्षं मी पाला घालतो, एक कोंबडी मेली न्हाय. मी तिला म्हटलं, तुझ्या पाच कोंबड्या होत्या, तुला काय कळणार. हे मी म्हटलं. ती उठून कोंबड्या कोंडायला गेली. दुसऱ्या दिवशी ती शेडमधून दीड तास उशिरा आली. आबांना ओरडून सांगत होती म्हणून मला आतल्या खोलीत ऐकू आलं. तिनं मालकाला विचारून अजून एक मशीन अंगावर घेतलं होतं. सहा महिन्यांची गोष्ट तिनं काढलीच नाही. मीही काढली नाही.

खानावळवाल्या बाईंचा फोन आला, येत्या रविवारी येतो म्हणून. तो दिवस बुधवार होता. गुरुवारी मी हातकणंगल्याला गेले. डॉक्टर मोटरसायकलवर बसतच होते, कुठल्या तरी वस्तीवर गाभण म्हैस अडली होती. मी वही उघडून त्यांच्यासमोर धरली. त्यांनी एक पान वाचलं, दुसरं वाचलं आणि मला विचारलं, "हे सगळं झालं. कोंबडी उघडून बघितलीस का?"

मी म्हटलं, नाही.

"मग बाहेरून काय लिहितीस? आता मेली की लगेच चीर. गळ्याची पिशवी आधी बघ. नाहीतर उद्या माझ्याकडं घेऊन ये." गाडी निघून गेली.

बसमध्ये मी पूर्ण वेळ वही मांडीवर घेऊन बसले आणि उघडली नाही. नऊ कोंबड्या मी उसाच्या बांधाला पुरल्या होत्या, एकीला सुरी लावली नव्हती. रक्त बघवत नाही म्हणून. बी.एस्सी.च्या मार्कांत ते कुठं दिसत नाही.

शुक्रवारी दुपारी दहावी गेली. आई शेडमध्ये होती, आबा घरी होते. मी परसात पाटा ओढला, कोंबडी ठेवली, गळ्याखालची पिसं उपटली आणि सुरी घेतली. आबा लांबून म्हणाले, दे इकडं. मी नको म्हटलं. कातडी चिरली. पिशवी चिरली. वास आला, आणि आतून जे आलं ते मी आधी ओळखलंच नाही. लिंबाएवढा हिरवा गोळा, घट्ट. पाण्याच्या घमेल्यात टाकून बोटांनी सोडवायला लागले. पानं सुटली, देठ सुटले, आणि पांढऱ्याचं हिरवट झालेलं सूत निघायला लागलं. ओढत गेले तसं येतच राहिलं. त्याचं एक टोक खाली, जिथं कोंबडी दाणा भरडते त्या जाड पोटात गेलेलं होतं. तेही चिरलं. तिथंही सूत, दाण्याभोवती गुंडाळलेलं, कुणीतरी वाईट भरलेल्या कांडीसारखं.

पाला ओढताना कोंबड्या सूतही ओढत होत्या. जुडी रिकामी झाली की सूत खाली पडायचं, तेही जात होतं पोटात. माझ्या वहीत प्रत्येक पानाचं वजन होतं. जुडी कशानं बांधली, हे एकाही पानावर नव्हतं.

आई आली तेव्हा मी घमेल्याशेजारीच बसलेली होते. तिनं पिशवी ठेवली, उकिडवी बसली आणि तो धागा दोन बोटांत धरून ताणून बघितला. तिची बोटं धागा ओळखतात, डोळ्यांआधी.

"ह्यो आमच्या शेडचा हाय," ती म्हणाली. धागा घमेल्यात सोडून म्हणाली, "म्याच आणलेला."

"बांधला मी," मी म्हटलं. "तू सोप म्हणाली होतीस."

"व्हय. पर सोप का, हे मला तरी कुठं ठावं हुतं. आमच्याकडं सूत न्हवतं, म्हणून सोप." ती खोकली, तोंडाला पदर लावला. "चल, सगळ्यांचे गळे बघू."

आम्ही दोघींनी अंधार पडायच्या आत एकेक कोंबडी हातात घेतली. पाच जणींचे गळे टणक लागले. शनिवारी त्यांना दोन डालग्यांत घालून मी आणि आई हातकणंगल्याला गेलो. आईनं त्यासाठी शेडचा खाडा केला, माझ्या आठवणीतला पहिला. डॉक्टरांनी चौघींची पिशवी उघडली, गोळे काढले आणि टाके घातले. पाचवी टेबलावरच गेली. मी या वेळी कोंबडी धरून उभी होते, मान फिरवली नाही. शेवटचा टाका घालून झाल्यावर आई वाकून म्हणाली, "डॉक्टर, गाठ ढिली हाय." डॉक्टरांनी तिच्याकडं बघितलं, गाठ बघितली आणि परत बांधली.

घरी येईपर्यंत आबांनी सगळ्या जुड्या उतरवून सूत वेचून घेतलं होतं. खुराड्याची जाळी उरली होती, तिचे तुकडे वाकवून त्यांनी उथळ परड्या केल्या होत्या, वर झाकण, आत पाला भरायचा आणि भोकांतून कोंबडीनं ओढायचा. बांधायला काहीच नको. परड्या टांगल्यावर कोंबड्यांनी आधी संशयानं बघितलं, मग एकीनं उडी मारली. मी पाचही पानं परत घातली, कडुनिंबासकट. पहिल्या चार दिवसांत मी किती वेळा परसात गेले ते विचारू नका. एकही कोंबडी फुगून बसली नाही.

त्या चार दिवसांतच रविवार आला. खानावळवाल्या बाई आल्या. मी त्यांना आधीच सांगितलं की साठातल्या अकरा मेल्या, आणि कशानं मेल्या तेही. आईनं मागून मला चिमटा काढला. बाईंनी पदर खोचला. खुराड्यात वाकून गेल्या, खाली अंथरलेलं भाताचं तूस उचलून वास घेतला, एक कोंबडी उलटी धरून पोटावरची पिसं फुंकली. मी पानांची नावं सांगायला लागले, कुळासकट. तिसऱ्या नावाला त्यांनी हात वर केला.

"पोरी, झाडपाल्याचं राहू दे," त्या म्हणाल्या. "अंडं फोड बघू."

मी फोडलं. त्यांनी बलक बोटानं हलवून बघितला, हात पुसले, चहा घेतला आणि गेल्या. घेतो म्हणाल्या नाहीत, नको म्हणाल्या नाहीत. आठवडाभर मी फोन हातातून खाली ठेवला नाही. आंघोळीला जाताना आबांकडं द्यायचे, आणि त्यांना वाजलेला ऐकू येत नाही हे आत गेल्यावर आठवायचं. पुढच्या सोमवारी फोन आला. "दर ऐतवारी किती अंडी जमतील, तेवढं सांग," एवढंच.

पाला दिल्यानं कोंबड्या किती निरोगी राहिल्या आणि लसीनं किती, हे मला वेगळं करून सांगता येत नाही, आणि ज्यांना ते मोबाईलवरच्या व्हिडिओत छातीठोक सांगता येतं त्यांच्यावर माझा विश्वास नाही. बलक गडद झाला, उन्हाळ्यात आमच्याकडं मरतूक झाली नाही, एवढं मी बघितलं. आता अर्ध्या कोंबड्यांना पाला आणि अर्ध्यांना नाही, असं करून बघते आहे. वहीत दोन रकाने वाढवलेत. पाला कशात दिला हा एक, आणि मेलेली कोंबडी उघडल्यावर काय दिसलं हा दुसरा. तो मी स्वतः भरते.

खानावळीला अंडी जायला लागली तिथून सहा महिने आईनं मोजले, मी नाही. पुढचा श्रावण लागला त्या आठवड्यात ती शेडमधून नेहमीच्या वेळेला आली, डब्याची पिशवी धुतली आणि खिळ्याला न लावता माळ्यावर टाकली. आबांनी विचारलं, उद्या डबा नाही का? ती ओरडून म्हणाली, "न्हाय."

खोकला पूर्ण गेलेला नाही, थंडीत येतो. पण आमची आई आता शेडमध्ये जात नाही. दीडशे कोंबड्या आहेत, त्यांचा पाला ती तोडते. घर त्यांच्यावर चालतं. हे मी केलं, बी.एस्सी. झाल्यानंतर दोन वर्षांनी.